लव्हीना ज्या कुत्र्याशेजारी बसायची

माझा भाऊ एल्मर लग्न करून लव्हीनाला खालच्या अंगाच्या गावातून होडीने घेऊन आला, तेव्हा तिने काठावर आधी कुत्र्याची पिल्लं उतरवली, मग स्वतःची पेटी, आणि सगळ्यात शेवटी ती स्वतः उतरली. आई माझ्या कानात कुजबुजली, "ही नांदायला आलीय की कुत्री विकायला?" मी तिची नणंद, म्हणजे तिला नावं ठेवण्याचा पहिला मान माझा. तो मी पुढची सगळी वर्षं इमानाने बजावला. पण एक कबूल करते, कुत्र्याच्या बाबतीत तिला नाव ठेवायला जागा सापडायची नाही.

तेव्हा युकॉन नदी माशांनी भरून यायची. उन्हाळाभर आम्ही नदीकाठच्या तळावर राहून मासे चिरायचो, दांड्यांवर वाळत घालायचो. चांगला लाल मासा माणसांना, आणि उशिरा येणारा फिका मासा कुत्र्यांना. त्याचं नावच आमच्याकडे कुत्र्यांचा मासा. हिवाळ्यात त्याच माशावर एल्मरची कुत्री लाकडं ओढायची, सापळ्यांच्या वाटेवर जायची, शर्यती पळायची. वरच्या-खालच्या गावांत एल्मरच्या कुत्र्यांना मागणी होती, पण लव्हीना पिल्लू देताना घेणाऱ्याच्या अंगणात जाऊन त्याची जुनी कुत्री आधी बघून यायची. पसंत पडली नाहीत तर पिल्लू परत घरी. मी म्हणायची, "वहिनी, पोरगी देतेस का कुत्रं?" ती म्हणायची, "वन्सं, पोरगी निदान भांडून परत येते."

मग मासे यायचे थांबले. आधी कमी झाले, मग सरकारने जाळं टाकायलाच बंदी केली. दांड्या रिकाम्या राहिल्या. विमानाने येणाऱ्या पोत्यातल्या खाद्यावर एवढं मोठं खटलं पोसणं आमच्यासारख्यांचं काम नव्हे. एल्मरने काही कुत्री दिली, पण घेणाऱ्यांच्या घरी तरी मासे कुठे होते? पानं गळाली आणि एका सकाळी तो बंदूक घेऊन अंगणात आला. उपाशी मारण्यापेक्षा हे बरं, एवढंच म्हणाला. लव्हीना एकेकाला साखळीवरून सोडून, पट्टा धरून, झाडांमागे त्याच्याकडे घेऊन जायची आणि मोकळा पट्टा घेऊन परत यायची. मी खिडकीची कडी लावून घेतली, तरी आवाज यायचा तो आलाच.

शेवटी एक म्हातारी कुत्री राहिली. ती गाभण होती. लव्हीनाने तिला सोडलं नाही. तोंडाने ती काही बोलली नाही, नुसती जाऊन त्या कुत्रीशेजारी पेंढ्यावर बसली. एल्मर बंदूक घेऊन आला, तिच्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला, आणि घरात निघून गेला. पुढचा हिवाळा त्याने पाहिला नाही. लोक म्हणाले छाती भरली. मी त्याची बहीण आहे, मला ठाऊक आहे कशाने गेला.

बोलली का नाही, हे आमच्याकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही जनावराचं पुढचं तोंडाने बोलत नाही. हे कुत्रं जिंकेल असं म्हणायचं नाही, आणि मरेल असं तर मुळीच नाही. जनावर ऐकतं आणि मनावर घेतं. जे काय सांगायचं ते हाताने सांगा, नाहीतर गप्प बसा. हल्लीची पोरं हसतात, पण आपल्या कुत्र्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात ते मी पाहिलं आहे.

दर मार्चमध्ये गोठलेल्या नदीवरून कुत्र्यांच्या बर्फगाड्यांची लांब पल्ल्याची शर्यत आमच्या गावावरून जाते. गावाच्या हॉलमध्ये थांबा असतो. गाडीवान येतात, कुत्र्यांना पेंढा घालतात, खाऊ घालतात, डॉक्टर प्रत्येक कुत्रं तपासते. जे लंगडतंय, ज्याने अन्न टाकलंय, ज्याचा खोकला थांबत नाही, ते कुत्रं इथंच ठेवून गाडीवान पुढे जातात. विमान येईपर्यंत ही मागे राहिलेली कुत्री हॉलच्या मागे लांब साखळीवर असतात. स्वतःची गेल्यावर लव्हीनाने ही परक्यांची कुत्री सांभाळायचं काम मागून घेतलं. बर्फासाठी त्यांच्या पायांत घातलेले मोजे काढायचे, बोटांच्या बेचक्यांत मलम चोळायचं, कोमट पाण्यात मटणाचा रस घालून त्यांना फसवून पाणी पाजायचं. वादळात विमान अडकलं की ती सगळी वरात माझ्या स्वयंपाकघरात. मी हॉलची स्वयंपाकीण. रश्शाच्या पातेल्याला पाच-सहा नाकं लागलेली असायची आणि ही बया मलाच सांगायची, "वन्सं, जरा सरकून उभ्या राहा, त्याला शेक लागत नाहीये." भीक नको पण कुत्रं आवर, दुसरं काय!

आणि तिथंही तिची ती बसायची सवय आली. शर्यतीतल्या चमूला परक्या माणसाने हात लावायचा नाही असा नियम आहे. घाण तेवढी उचलायची मुभा. लव्हीना फावडं आणि बादली घेऊन ओळीतून फिरायची, आणि एखाद्या कुत्र्यापाशी आली की फावडं टेकवून त्याच्या शेजारी बसायची. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. जुन्या गाडीवानांना कळायचं, हे कुत्रं आता पुढे नेण्यासारखं नाही. ते शिव्या घालत कुत्रं सोडायचे आणि तिच्या साखळीवर आणून बांधायचे. नव्यांचा पारा चढायचा. एकदा दक्षिणेकडचा एक जण ओरडला, "ही म्हातारी माझ्या कुत्र्याला चिकटून का बसलीय? उठवा तिला!" आमचा पोस्टवाला सिमियन शांतपणे म्हणाला, "तिचा नवरा बंदूक घेऊन आला होता तेव्हा उठली नाही, तुझ्यासाठी उठेल होय?"

ती काही देवी नव्हती. आळशी कुत्री तिला हमखास फसवायची. काही पक्की नाटकी असायची, तिला पाहिलं की पाय वर धरायची, आणि गाडीवान दिसेनासा झाला की माझ्या मागच्या दाराशी उड्या मारत हाडं मागायची. पण चुकली तर ती नेहमी ठेवून घेण्याच्या बाजूने चुकायची. म्हणून डॉक्टर पेट्रा तिला मानायची. ही डॉक्टर दर वर्षी यायची, मेहनती बाई, गुडघ्यांवर रांगत प्रत्येक कुत्रं तपासायची. तपासून झालं की मान वळवून बघायची, लव्हीना कुठं बसलीय का.

आता हार्लनचं सांगते. हा लव्हीनाच्या बहिणीचा मुलगा. बहीण वसंतात कच्च्या बर्फातून नदीत गेली, तेव्हा हार्लन नुकता चालायला लागला होता. लव्हीनाला मूल नव्हतं. तो तिच्याच चुलीजवळ वाढला. त्या गाभण कुत्रीची पिल्लं त्याने घेतली, शाळेच्या बॉयलरवर काम करून त्यांना पोत्यातलं खाद्य घातलं, आणि त्यांच्या पुढच्या वेतातली बेरी त्याची पुढारी, सगळ्यांच्या पुढे पळणारी कुत्री झाली. काळी, किरकोळ अंगाची. एल्मरच्या रक्ताचं तेवढंच उरलं होतं. गावातून नदीच्या शर्यतीत कित्येक वर्षांत कुणी उतरलं नव्हतं, हार्लन उतरला.

पहिल्या वर्षी तो आमच्याच गावापर्यंत आला आणि थांबला. कुत्री थकली होती, तो थकला होता, घर समोर होतं. मावशीच्या चुलीशी झोपला तो उठलाच नाही. शर्यत निघून गेली. मग काय, गावाला वर्षभराचं खाद्य मिळालं. सिमियनने म्हण पाडली, "हार्लनची शर्यत मावशीच्या चुलीपर्यंत." शाळेतली पोरं त्याच्या मागून चूल, चूल करत जायची. त्याने दुकानात यायचं सोडलं. मी एकदा त्याला विचारलं, "काय रे, दिसत नाहीस?" तर म्हणाला, "आत्या, मी चुलीपाशी असतो, ठाऊक नाही का तुला?" आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही. लव्हीनाने ते हसणं रोज पाहिलं.

दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला. भर दुपारी, लख्ख उन्हात, सगळं गाव काठावर. पाच कुत्री उरली होती, बाकीची वरच्या थांब्यांवर ठेवावी लागली होती. पाचापेक्षा कमी झाली की शर्यतीतून बाद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे आता एकही कुत्रं मागे ठेवायची सोय नव्हती. त्याने पेंढा पसरला, मोजे काढले, खायला घातलं, आणि आत येऊन माझ्यासमोर बसला. डोळे लाल, गालावर हिमाने चट्टे उठलेले.

"खा आधी," मी रस्सा वाढला. "चुलीपाशी बसू नकोस, तिकडे खिडकीशी बस. गाव बघतंय."

तो खरंच खिडकीशी बसला. लव्हीना दारात आली तसा म्हणाला, "मावशी, बेरीने सकाळपासून नीट खाल्लं नाही. तोंड लावते आणि सोडते."

"दमली असेल."

"पोटाची गोळी दिलीय मी. तू जरा लक्ष ठेवशील? मी थोडा पडतो."

"पड," ती म्हणाली, "मी आहे."

पुढचं आम्हाला दुसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून कळलं, पण घडलं त्या क्रमाने सांगते. ती फावडं-बादली घेऊन ओळीत गेली. बाकीची चार गाढ झोपली होती. बेरी जागी होती. तिच्या मागे पेंढ्यावर काळं, चिकट, डांबरासारखं पडलं होतं. एल्मरच्या एका कुत्र्याचं तसं झालं होतं. पोटात आतल्या आत रक्त जातं आणि ते काळं होऊन बाहेर पडतं. औषध देऊन, विसावा देऊन कुत्रं वाचतं. पळवलं तर वाचत नाही. हे तिला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, हार्लनलाही माहीत होतं. फक्त दिसायला हवं होतं. लव्हीनाने ते पेंढ्यासकट फावड्यावर घेतलं, बादलीत टाकलं, बादली कचरा जाळायच्या पिंपात रिकामी केली, आणि बेरीखाली नवा पेंढा सारला. मग ती लाकडांच्या राशीपाशी जाऊन उभी राहिली.

आम्ही आतून बाहेर आलो तेव्हा डॉक्टर पेट्रा बेरीचं तोंड उघडून हिरडी दाबत होती. छाती ऐकली, पोट चाचपलं, पुन्हा हिरडी दाबली. "जराशी फिकी वाटते मला," ती म्हणाली. "हार्लन, पोट साफ आहे ना हिचं? बघितलंस तू?"

"मी झोपलो होतो. मावशी होती इथं."

डॉक्टरने मान वळवली. "लव्हीना?"

"उचललं मी," लव्हीना म्हणाली.

"ठीक होतं?"

लव्हीना काही बोलली नाही. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, ती कधीच बोलत नसे. डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मी पण बघत होते, सगळेच बघत होते, कारण आमच्याकडे उत्तर तिच्या तोंडात नसायचं, ती कुठं बसते त्यात असायचं. आणि ती उभी होती.

हार्लन अर्धवट हसत म्हणाला, "मावशी, बसणार नाहीस ना?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "गुडघे धरलेत माझे. बसले तर उठवायला चौघं लागतील."

काय हशा पिकला तेव्हा! सिमियन तर डोळे पुसत होता. डॉक्टरही हसली, हातमोजे घातले आणि म्हणाली, "लव्हीना बसली नाही म्हणजे चालेल. पण सांभाळून जा हं, वाटेत विसावा दे." हार्लनने मावशीला अशी मिठी मारली की तिची टोपी पडली. पाचही कुत्री उठली. बेरी सगळ्यांच्या आधी उठली, हे मला सांगावंच लागेल. तिला पळायचं होतं. या कुत्र्यांचं हेच तर वाईट असतं. गाव ओरडत काठावरून धावलं, सिमियनने टोपी उडवली, "चूल मागे पडली रे!"

संध्याकाळी मी लव्हीनाला तळलेली भाकरी आणि चहा दिला. तिने साखळीवरच्या परक्या कुत्र्यांना पाणी पाजलं, मलम लावलं, पण तोंडात घास घेतला नाही. मला वाटलं, पोराच्या काळजीने जीव टांगणीला लागलाय. तसं ते होतंही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला असताना खालच्या अंगाने एक गाडी उलट दिशेने येताना दिसली. शर्यतीत कुणी उलटं येत नाही. चार कुत्री होती आणि हार्लन गाडीमागून चालत होता, गाडीवर उभा नव्हता. गाव पुन्हा काठावर आलं. या खेपेला कुणी ओरडलं नाही.

त्याने हॉलसमोर गाडी थांबवली आणि गाडीवरच्या झोळीची दोरी सोडली. बेरी आत होती. त्याने आपला जाड कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला होता आणि स्वतः नुसत्या लोकरीच्या सदऱ्यावर आला होता. म्हणाला, नदीकाठच्या कड्यांखाली ती पळता पळता खाली बसली. त्याने लगेच तिला झोळीत घेतलं आणि गाडी माघारी वळवली. जुन्या मासेमारीच्या तळापर्यंत ती डोकं वर धरून बघत होती, त्यापुढे नाही.

डॉक्टर पेट्रा गुडघ्यांवर बसली. ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. शेपटीखाली पाहिलं, बोटाला काळं लागलं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "पोटातून रक्त गेलंय. ही काल फिकी होती. मला दिसलं होतं, हार्लन. मी ठेवून घ्यायला हवी होती. तुझी चूक नाही ही, माझी आहे."

"मी झोपलो नसतो तर," हार्लन म्हणाला.

"नाही, नाही. माझीच."

दोघं असं एकमेकांकडून चूक ओढून घेत होती. लव्हीना साखळीपाशी होती, हातात पाण्याचं भांडं. तिला ऐकू येत होतं. गप्प राहिली असती तर तिला कोण विचारणार होतं? गप्प राहणं तिला शोभतच होतं. पिंपातलं जळून राख झालं होतं. मी तिची नणंद आहे, तिचे गुण मोजत नाही कधी, पण हे तिच्या पदरात टाकते. तिने भांडं खाली ठेवलं, सगळ्यांच्या मधोमध आली आणि सरळ म्हणाली, "काळं पडलं होतं तिचं. काल. मी उचललं."

डॉक्टरला आधी कळलंच नाही. "काय उचललंत?"

"तिच्या पेंढ्यावर काळं पडलं होतं. तुम्हाला दिसू नये म्हणून उचललं आणि पिंपात टाकलं."

डॉक्टर उठली आणि हॉलच्या मागे निघून गेली. सिमियनने टोपी काढून हातात धरली होती. मला लव्हीनाची लाज वाटली आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम, आणि दोन्हींचा मला राग आला. इतक्या परक्यांच्या कुत्र्यांसाठी जी जागची हलली नव्हती, तिने घरच्या कुत्र्याला उभ्या-उभ्या वाटेला लावलं होतं.

हार्लनने विचारलं, "का?"

"गाव पुन्हा हसलं असतं तुला."

"हसलं असतं. मला हसलं असतं ना? बेरीला नसतं हसलं."

तो जवळ आला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी अंधारात भीती वाटली की तो जसा हळू बोलायचा, तसं त्याने विचारलं, "मावशी, दुसऱ्या कुणाचं कुत्रं असतं तर?"

"बसले असते."

"त्याचं कुत्रं वाचलं असतं."

"हो."

"मग मला परकाच ठेवायचं होतंस," हार्लन म्हणाला.

लव्हीनाने उरलेल्या चार कुत्र्यांसाठी पेंढ्याची गासडी उचलली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि चौघांना स्वतः पेंढा पसरायला गेला.